साडूभाऊंच्या पोलादी सायकली

आमच्या साडूभाऊंइतका सायकलवेडा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये नसेल. आणि असलाच, तर त्याच्या बायकोची मला मनापासून कीव येते. मूळचे ते भोसरीचे, उभी हयात तिथल्याच वर्कशॉपात लेथवर गेली. निवृत्त झाले तेव्हा रहाटणीच्या दोन खोल्यांत मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलच्या सात जुन्या पोलादी रेसिंग सायकली होत्या, आणि उरलेल्या जागेत माझी मेहुणी. एकदा मी चहाचा कप सीटवर टेकवला, तर साडूभाऊ दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. सायकलच्या सांगाड्याच्या पोलादी नळीवर नखाने टिचकी मारायची, कान लावायचा आणि मला म्हणायचं, "ऐका, राव." मला आजतागायत काही ऐकू आलेलं नाही, पण मान डोलावल्याशिवाय पानावर बसू देत नसत. कुणी मूळचा एक स्क्रू जरी बदलला, तरी त्यांच्या लेखी तो खून.

मग गुडघे गेले आणि त्यांना घोर लागला. "आमच्यामागं ह्या सायकलींवर कोन बसंल का, साडू?" हे त्यांनी मला शंभरदा विचारलं असेल. मीही शंभरदा "बसेल की" म्हणालो. धीर द्यायला आपलं काय जातं? शेवटी त्यांनी सातही सायकली तरुण पोरापोरींना फुकट वाटल्या. अट एकच: खंडेनवमीला, कारखान्यात यंत्रांची पूजा असते त्या दिवशी, सायकल पूजेला आणायची.

गेल्या खंडेनवमीला साडूभाऊंच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहा सायकली आल्या, सगळ्या गाडीच्या टपावरून. काय तो थाट! आरशासारखा रंग, सगळं मूळचं. पोरं हौसेने फोटो दाखवत होती: कुणी दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली, कुणी तिच्यावर दिव्यांची माळ सोडलेली. साडूभाऊ वाकून एकेक टायर अंगठ्याने चाचपत गेले. नव्या टायरवरचे रबराचे केससुद्धा शाबूत होते. म्हणजे एकीवरही कुणी बसलं नव्हतं.

सातवी आली मारुंजीहून. आयटीत नोकरी करणारी लातूरची पोरगी, स्वतः चालवत, घामाघूम. आणि सायकलची दशा काय सांगू! शिंगं जाऊन सरळ हँडल, मागे कॅरिअर, पुढे टोपली, रंगावर ओरखडे. आता हिची धडगत नाही, म्हणून मी मधे पडायला निघालो.

"काका, रोज ऑफिसला हिच्यावरच जाते," ती खाली बघत म्हणाली. "वाकून पाठ धरायची, म्हणून बदललं. चुकलं का?"

साडूभाऊंनी मागचा टायर चाचपला. पार गुळगुळीत झाला होता. बराच वेळ त्यांचा हात तिथेच राहिला. मग उठून त्यांनी हळदकुंकवाचं पहिलं बोट त्या सरळ हँडलला लावलं आणि तिला टायर बदलायला सांगितलं, नाहीतर घसरशील म्हणाले.

ती निघाली तेव्हा गुडघे सांभाळत ते फाटकापर्यंत गेले. ती वळणाआड गेली, तरी उभेच. मी जेवायला चला म्हटलं, तर डोळे पुसत म्हणाले, "मूळचं काय बी ऱ्हायलं न्हाई हो तिच्यात. पण चालती, साडू."