उथळातले मासे आणि शेराचा चीक

भिगवणच्या खाली, भीमेच्या काठाला आमचं माळव्याचं, म्हणजे भाजीपाल्याचं, रान होतं. ही गोष्ट स्वातंत्र्याच्या दहा-बारा वर्षं आधीची. धरण नव्हतं, त्यामुळं उन्हाळ्यात नदी पसरट व्हायची. पाणी कुठं घोट्याएवढं, कुठं गुडघ्याएवढं. वांग्याला पाणी देऊन झालं की मी आणि माझे चुलते, तात्या, मासे धरायला त्या उथळात उतरायचो.

तात्यांचा भरवसा गळावर. पण उथळात माशाला माणसाची सावली दिसते. तात्या तासन्‌तास उकिडवे बसायचे, तेव्हा कुठं एखादी शिंगटी लागायची. मी फेकजाळं आणलं होतं. एका फेकीत चार-सहा यायचे, पण जाळं दगडाला अडकून फाटायचं आणि एवढा आवाज व्हायचा, की पुढं दुपारपर्यंत त्या जागी मासा फिरकायचा नाही.

त्या वर्षी पलीकडच्या भोईवाड्यातली एक बाई येऊ लागली. चाळिशीची, अंगानं काटकुळी. गळ नाही, जाळं नाही, कमरेला नुसती पाटी. गाळातनं एकदा उथळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायची, काठावर घटकाभर बसायची, परत यायची. जाताना पाटी भरलेली.

"काय तरी टाकतीया पाण्यात," तात्या म्हणाले. "शेराचा चीक आसंल. आपल्या कुंपणाच्या शेराच्या फांद्या तोडल्यात कुणी तरी, बघितल्यास का?"

मी बघितल्या होत्या. ताज्या तोडलेल्या, पांढरा चीक गळणाऱ्या. चिकानं मासे गुंगून वर येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून मी वाफ्यात वाकून तिच्यावर नजर ठेवू लागलो. ती मान वर करायची, माझ्याकडं बघायची आणि पाठ फिरवायची. माझा संशय वाढला.

चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर उथळभर मासे पोट वर करून तरंगत होते. बोटाएवढी पिल्लंसुद्धा. वस्तीतल्या दोन म्हशी ते पाणी पिऊन फेस गाळत होत्या. माणसं जमली. तेवढ्यात ती बाई पाटी घेऊन आली आणि सगळ्यांनी तिला घेरलं.

"मी कशाला इख घालू?" ती म्हणाली. "उद्या काय खाऊ मग?"

"मग बिनजाळ्याचे मासे घावत्यात कसे?" कुणी तरी ओरडलं.

ती गाळात उतरली आणि जोरानं पाय रोवत दहा-बारा पावलं गेली. "थांबा हितंच," म्हणाली. आम्ही थांबलो. पाणी निवळल्यावर ती आपल्याच पावलांच्या खड्ड्यांत हात घालत माघारी आली. बाकीचे खड्डे रिकामे निघाले. शेवटच्यात एक वाम निघाली, अर्धमेली. उन्हाला मासा खोल जागा शोधतो, ती जागा ती पायानं करून ठेवत होती.

"ही दावायची कला झाली," तात्या मागून म्हणाले. "चीक बी हिनंच टाकला."

मी वळून बघितलं. तात्यांचा उजवा डोळा लालभडक सुजला होता. किडा गेला, असं त्यांनी पहाटे घरात सांगितलं होतं. धोतराच्या सोग्यावर चिकाचे वाळलेले डाग होते. शेर तोडताना चीक डोळ्यात उडाला की असंच होतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

मी त्या डागांकडंच बघत राहिलो. तोवर एकानं तिची पाटी हिसकून फेकली होती.

"तात्या," मी म्हणालो, "सोगा दावा की जरा सगळ्यांना."

तात्यांनी सोगा खोचला आणि ते घराकडं चालू लागले. फांद्या कुणी तोडल्या आणि चीक कुणी टाकला, ते लोकांना तेवढ्यावरनं कळलं. म्हशींना ताक पाजलं. एक जगली, एक गेली. आमची दुभती म्हैस तात्यांनी स्वतः मेलेल्या म्हशीच्या मालकाच्या घरी नेऊन बांधली. माझ्याशी मात्र ते दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

पावसाळा सरून नदी पुन्हा उथळ झाल्यावर बाई परत येऊ लागली. तिची रीत शिकावी म्हणून मी एकदा जवळ गेलो. तिनं हात पाण्याबाहेर काढले, पाटी पदरानं झाकली आणि मी जाईस्तोवर तशीच उभी राहिली.