धुळ्यातली पहिली फेरी

वहिनीचा फोन आला आणि मी मिळेल त्या एसटीने जळगावहून धुळ्याला निघाले. माझ्या थोरल्या भावाला, भाऊला, सकाळी दाढी करताना पक्षाघाताचा झटका आला होता. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला. उजवा हात आणि पाय हळूहळू हलायला लागले. बोलणं मात्र गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाहीत. परत येतील, किती येतील ते सांगता येणार नाही. आणि रक्तदाब अजिबात वाढू द्यायचा नाही. वहिनीने बाकीचं किती ऐकलं मला माहीत नाही, हे शेवटचं वाक्य मात्र तिने घट्ट धरून ठेवलं.

मी शिक्षिका. मे महिन्यात शाळेला सुट्टी, म्हणून राहिले. घरात सगळे हळू आवाजात बोलायचे. बेल बंद करून ठेवली होती. कोणी भेटायला आलं तर वहिनी दारातच सांगायची, फार वेळ बसू नका, त्यांना त्रास होईल असं बोलू नका. माणसं येऊन भाऊच्या गुडघ्यावर हात ठेवायची, हवेबद्दल बोलायची आणि जायची. बोलण्याच्या उपचाराच्या बाई एक दिवसाआड येत, चित्रांची पानं समोर धरत. हा कप. हे घड्याळ. म्हणा, कप. भाऊ मान फिरवून भिंतीकडे बघायचा. आयुष्यभर वीज खात्यात साहेबांशी आणि गावकऱ्यांशी भांडलेला माणूस, त्याला कप म्हणायला लावत होते.

भाऊला टेनिसचं वेड होतं. कॉलेजात असताना तो आणि त्याचा मित्र संध्याकाळी क्लबच्या कोर्टावर उसनी रॅकेट घेऊन खेळायचे. हा मित्र म्हणजे भाई. त्यांचं कूलरचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. खेळणं कधीच सुटलं, भांडण राहिलं. मोठ्या स्पर्धेचा पहिला आठवडा आला की भाई दुपारी दुकान मुलावर टाकून आमच्याकडे यायचे. अंतिम सामन्यात दोघांनाही फारसा रस नव्हता. तिथे कोण येणार हे आधीच ठरलेलं असतं, असं दोघांचं एकमत. खरी मजा पहिल्या फेरीत. कोणी नाव न ऐकलेला पोरगा एखाद्या मोठ्याला घरी पाठवतो, ती दुपार त्यांना हवी असायची.

आणि तिथेच दोघांचं फाटायचं. दरवर्षी एखादा नवीन पोरगा निघायचा. भाई त्याच्या प्रेमात पडायचे, भाऊ त्याला पाण्यात पाहायचा. भाई म्हणायचे, "याच्या मनगटात जादू आहे, हा पुढे राज्य करणार." भाऊ म्हणायचा, "मनगट काय करणार? मोठा माणूस पहिल्या फेरीत पडतो तो पोराच्या जादूने नाही. तो त्या मातीवर एकही सामना न खेळता आलेला असतो, पोरगा पात्रतेचे तीन सामने त्याच मातीवर खेळून आलेला असतो. दे त्या पोराला एक विश्रांतीचा दिवस, अंग आखडलं की मग बघ." असं तासन्‌तास चालायचं. फोनवर त्यांच्यासारख्याच वेड्यांचा एक ग्रुप होता, दोंडाईचा, बोदवड, कुठले कुठले लोक. तिथेही भाऊचे लांबलचक संदेश यायचे. झटका आल्यापासून तिथे कोणी भांडत नव्हतं. सगळे रोज हात जोडलेलं चित्र पाठवायचे.

पॅरिसची स्पर्धा सुरू झाली त्या दिवशी भाई आले. वहिनीने पाणी दिलं आणि सांगितलं, "भाईजान, टीव्ही नको. डॉक्टरांनी सांगितलंय."

भाई माझ्याकडे बघायला लागले. मी भाऊकडे. त्याने डाव्या हाताने रिमोट उचलून मांडीवर ठेवला आणि त्यावर पंजा दाबून धरला. वहिनीला तो हात दिसला. ती आत गेली आणि रक्तदाबाचं यंत्र आणून माझ्या हातात दिलं. "आकडा चढला की बंद करायचं. तुमच्यावर सोपवते," ती मला म्हणाली. त्या क्षणापासून मला सामना नीट दिसलाच नाही. मी भाऊची मान, कपाळ, ओठ बघत बसले.

सामना होता वरच्या मानांकनाच्या, तिशी ओलांडलेल्या एका खेळाडूचा. समोर पात्रता फेरीतून आलेला, नुकतंच मिसरूड फुटलेला पोरगा. पोराने पहिला सेट घेतला. भाई खुर्चीच्या कडेला सरकले. दुसरा आणि तिसरा मोठ्याने घेतला, चौथा पुन्हा पोराने. तोवर सावल्या अंगणात उतरल्या होत्या, तरी कूलरचं पाणी कोमट येत होतं.

इतका वेळ भाई जवळजवळ गप्प होते. वहिनीची नजर त्यांच्यावर होती. पाचवा सेट सुरू झाला आणि ते अचानक मोठ्याने म्हणाले, "मी सांगतो, हा पोरगा दोन वर्षांत जगात पहिला."

भाऊची मान वळली.

"आणि तुझा तो म्हातारा संपला. त्याने आता कोच व्हावं."

भाऊच्या घशातून आवाज आला. शब्द नव्हता तो, नुसता हुंकार. डाव्या हाताची बोटं रिमोटवर पांढरी पडली. मी घाईघाईने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा चढला होता. फार नाही, पण चढला होता.

"भाई, बस्स," मी म्हणाले.

भाईंनी ऐकलं नाही. "बोल ना. नेहमी तर फार बोलतोस. चूक शे का मी? सांग."

"न… नही," भाऊ म्हणाला.

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात पोळीचं पीठ तसंच होतं.

"काय नही?" भाई म्हणाले. त्यांनी सोडलं नाही. "पोरगा जिंकत नाही म्हणतोस? का?"

भाऊने टीव्हीकडे बोट केलं. चेहरा लाल झाला, ओठ एकदा मिटले, पुन्हा उघडले. शब्द त्याला दिसत होता आणि सापडत नव्हता, हे मला बघवेना. मी तो शब्द शोधून द्यावा म्हणून तोंड उघडलं, तर भाईंनी हात वर करून मला थांबवलं.

"पा… पाय," भाऊ म्हणाला. "पाय… गेले."

आम्ही टीव्हीकडे पाहिलं. पोरगा सर्व्हिस करून कोर्टावर वाकला होता आणि मांडी चोळत होता. त्याला वांब आला होता, पाय आखडला होता. आमच्यापैकी कोणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं.

वहिनी म्हणाली, "आता बंद करा. झालं ना बोलून? बंद करा." ती रडत होती आणि चिडली होती, दोन्ही. मी पुन्हा पट्टा बांधला. आकडा आणखी थोडा वर. मी रिमोट घ्यायला हात पुढे केला आणि नेमकी वीज गेली.

इन्व्हर्टरवर पंखा चालायचा, टीव्ही नाही. पडदा काळा झाला. भाऊ त्या काळ्या पडद्याकडे असा बघत होता की मला वाटलं, आता याला काहीतरी होणार. भाईंनी खिशातून फोन काढला. चित्र काही येईना, नुसते आकडे येत होते. भाई ते वाचायला लागले.

"थ्री ऑल. बरोबरी."

मग बराच वेळ काही नाही. फोनवरचं चक्र फिरत राहिलं. रस्त्यावरून टेम्पो गेला.

"फोर-थ्री. पोरगा पुढे."

भाऊने जोरात मान हलवली.

"अरे पुढे आहे तो! तुझे पाय गेले म्हणे. पाय गेलेला माणूस पुढे कसा?"

"खोटं," भाऊ म्हणाला.

"काय खोटं? मी वाचतोय ना. फाइव्ह-थ्री."

"खोटं! बठ्ठं खोटं!"

हे तीन शब्द मागच्या पडवीपर्यंत ऐकू गेले असतील. सलग, स्पष्ट, आमच्या आईच्या अहिराणीत. बठ्ठं म्हणजे सगळं. भाऊ पुढे झुकला आणि डाव्या हाताने भाईंच्या हातातला फोन हिसकावून घेतला. डोळ्यांजवळ धरला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरला. खरंच फाइव्ह-थ्री होते. त्याने फोन माझ्याकडे दिला, मीही वाचून दाखवले, तेव्हा कुठे त्याला पटलं.

वीज आली तेव्हा सामना संपला होता. पोरगा मातीवर उताणा पडला होता. पळता येत नव्हतं म्हणून त्याने शेवटी प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने मारला आणि ते सगळे आत पडले, असं समालोचक सांगत होता. भाऊचं निदान बरोबर, निकाल चूक.

भाई जिंकले होते, पण तसे दिसत नव्हते. वहिनीने भाऊला आडवं केलं, गोळी दिली, डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, झोपू द्या, तासाभराने पुन्हा बघा. मग ती बाहेरच्या खोलीत आली.

"भाईजान, तुम्हाला खेळ वाटला का हा? त्यांना काही झालं असतं म्हणजे?"

भाई खाली मान घालून उभे होते. "भाभी, माफ करा," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता गेले.

तासाभराने आकडा खाली आला. पण दुसऱ्या दिवशी भाई आले नाहीत. दुपार झाली तसा भाऊ दाराकडे बघू लागला. त्याने खुर्चीच्या हातावर बोटं आपटायला सुरुवात केली. उपचाराच्या बाई आल्या, त्यांच्याशी त्याने "नही" म्हणून काम भागवलं. तिसऱ्या दिवशी मी उठले आणि भाईंच्या दुकानात गेले.

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. भाईंनी मला आत बसवलं, लिंबू सरबत मागवलं. मी म्हटलं, "तो वाट बघतोय. तुम्ही ते मुद्दाम केलंत ना?"

"मुद्दाम केलं ताई. आणि मग रात्रभर फोन उशाशी ठेवला होता, म्हटलं आता तुझा फोन येणार." त्यांनी सरबताचा पेला माझ्याकडे सरकवला. "अब्बांना असाच झटका आला होता. आम्ही सगळे त्यांच्यासमोर हळू बोलायचो. कोणी त्यांना उलट उत्तर दिलं नाही, कशाला नाही म्हटलं नाही. दोन वर्षं ते असे होते आणि आम्ही त्यांच्याशी पाहुण्यासारखं वागलो. हा माणूस माझ्याशी भांडल्याशिवाय जायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं."

मी हे घरी येऊन वहिनीला जसंच्या तसं सांगितलं. तिने हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "पाचवा सेट लागला तर मी बंद करणार. हे आधीच सांगून ठेवा त्यांना."

भाई संध्याकाळी आले. पोराचा पुढचा सामना होता. तो तीन सेटमध्ये सरळ हरला, त्याला पळताच येत नव्हतं. भाऊने भाईंकडे पाहिलं. भाई म्हणाले, "बरं, बरं. बोल."

त्याला बोलायला फार वेळ लागला. "चां… चांगला… शे. पोरगा." एवढंच म्हणाला आणि थकून मागे टेकला. भाई खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वहिनीने त्या दिवशी त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

शाळा सुरू झाली तशी मी जळगावला परतले. भाऊचं बोलणं पूर्ण आलेलं नाही. नावं त्याला अजून सापडत नाहीत, माझंसुद्धा कधी कधी. तो रविवारी फोन करतो. मध्ये लांब शांतता पडते, मला वाटतं फोन कटला. त्याचा अडलेला शब्द आपण पुरवायचा नाही, हे मला शिकावं लागलं. मागच्या रविवारी त्याने कुठल्याशा नव्या डावखुऱ्या पोराला नावं ठेवली. तीन शब्दांत. मी तो सामना पाहिला होता, आणि मला त्याचं म्हणणं मुळीच पटलं नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं, आणि तो काय म्हणतोय याची वाट बघत फोन कानाला लावून बसून राहिले.