बिराजदार मॅडम आणि एक प्रलंबित तक्रार

श्रीमती महानंदा बिराजदार यांची आणि माझी पहिली भेट काही फार गोड झाली नव्हती. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मी कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून रुजू व्हायला गेलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात सर्टिफिकेटांची फाइल. मॅडम तिथे उपअभियंता होत्या. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं, "बंडगर, तुमच्या घरी पाणी कोण भरतं?"

"आई," मी म्हटलं.

"मग तुम्हाला यातलं काही माहीत नाही. बसा, शिकवते."

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून गौरव समितीने लेख मागितला, तेव्हा मला आधी हेच आठवलं. स्तुती करणं मला जमत नाही. आमच्या सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरांत कुणी कुणाचं तोंडावर कौतुक करत नाही. फार झालं तर 'बरं हाय' म्हणतात. म्हणून घडलं तेवढंच लिहितो. त्यात माझी एक लबाडीही येईल. ती गाळून लिहायचा प्रयत्न केला, पण मग मॅडमविषयी सांगण्यासारखं फारसं उरेना.

तेव्हा वरून नुकताच आदेश आला होता, की नागरिकांचा ऑनलाइन सहभाग वाढवा. तक्रारींसाठी पोर्टल सुरू झालं, प्रत्येक भागाचा व्हॉट्सअॅप ग्रुप करायचा असं ठरलं. कार्यालयात सगळ्यांना वाटलं, आलं आणखी एक भरायचं पत्रक. मॅडमनी मात्र तो आदेश दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "लोकांनी रडायचं आणि आपण उत्तर द्यायचं, याला सहभाग म्हणत नाहीत. आपल्याला जे कळत नाही ते लोकांना विचारायचं, तो सहभाग." आम्ही माना डोलावल्या. मान डोलवायला काय लागतं!

मॅडम तंत्रज्ञानात फार तरबेज होत्या, असा कुणाचा समज झाला असेल तर तो आधी दूर करतो. त्या एका बोटाने टाइप करत. ग्रुपवर आवाजी मेसेज टाकताना दर वेळी "हॅलो, मी बिराजदार बोलते, ऐकू येतंय का?" असं विचारून उत्तराची वाट बघत थांबत. रेकॉर्डिंगमध्ये ती शांतताही जात असे. लोक हसत, पण ऐकत. शहराच्या पूर्वभागातल्या विणकर वस्तीत त्यांना कुणी मॅडम म्हणत नसे. तेलुगू असो, कन्नड असो, सगळ्यांच्या त्या अक्का.

आता माझी लबाडी. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, पाळीने येतं. मधले दिवस साठवलेल्यावर काढायचे. त्या वस्तीतल्या एका गल्लीच्या टोकाच्या सहा घरांना तर पाळीच्या दिवशीही पाणी येत नव्हतं. सर्वांत शेवटच्या घरात राहणाऱ्या नरसम्मा नावाच्या बाईंनी पोर्टलवर तक्रार केली होती. बाई विधवा, एकट्या राहणाऱ्या, विड्या वळून पोट भरणाऱ्या. तक्रार महिनोन् महिने तशीच पडून होती, कारण पाणी का येत नाही हेच कुणाला उमगत नव्हतं. एकदा मोठ्या साहेबांची आढावा बैठक आली. प्रलंबित तक्रारींचा रकाना वाईट दिसत होता. मी नरसम्मांच्या तक्रारीपुढे 'निवारण झाले' लिहिलं आणि बटण दाबलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळीकडे तसंच करतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नरसम्मांचा आवाज आला. "अक्का, माझी तक्रार मिटली म्हणून मेसेज आला की मला. मिटली म्हणजे काय? पाणी कुटं हाय? दाखवा तरी."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच पाणी कुठं आलं ते बघायचं होतं, आणि तेच मला झोंबलं.

मॅडम चिडल्या की कन्नडात पुटपुटत. त्या दिवशी त्यांनी थेट चपला पायात सरकवल्या. मला घेऊन त्या भर उन्हात नरसम्मांच्या घरी गेल्या. दारातली रिकामी घागर उचलून माझ्या हातात दिली. "बाई जिथनं आणतात तिथनं आणा." दोन गल्ल्या पलीकडे हापसा होता. मी दोन खेपा केल्या आणि खांदा धरून खाली बसलो. नरसम्मा साठीच्या पुढच्या. त्या रोज चार खेपा करत होत्या.

परत येताना मॅडम म्हणाल्या, "बंडगर, तुमचे वडील मेंढरं राखतात ना? संध्याकाळी एखादं मेंढरू कमी भरलं, तर ते 'सगळी आली' म्हणून वाडग्याचं दार लावतात का?"

आजवर मला कुणी इतक्या कमी शब्दांत झोडपलेलं नाही.

माझी नोकरी जाणार हे मी गृहीतच धरलं होतं. कंत्राटी माणसाला घालवायला कितीसा वेळ लागतो? पण मॅडमनी साहेबांना लिहून दिलं, की 'ही नोंद माझ्या देखरेखीखाली झाली, जबाबदारी माझी.' ग्रुपवर नरसम्मांची माफीही त्यांनीच मागितली. त्या पत्राची प्रत मी आजही जपून ठेवली आहे. मॅडमना हे माहीत नाही, आता कळेल.

त्यानंतर त्यांनी आमच्या भागापुरता एक नियम केला: तक्रार कार्यालय बंद करणार नाही, ती तक्रारदारच बंद करेल. काम झालं की त्याला मेसेज जायचा, 'तक्रार मिटली का?' त्याने 'हो' दाबलं तरच मिटली. आमच्यापैकी निम्म्यांनी कपाळाला हात लावला.

त्याच आठवड्यात मॅडमनी ग्रुपवर लिहिलं, 'तुमच्या गल्लीतल्या शेवटच्या सहा घरांना पाणी का येत नाही, हे आम्हाला माहीत नाही. तुम्ही शोधायला मदत कराल का?' साहेबांचा लगेच फोन. "अहो मॅडम, कार्यालयाला माहीत नाही असं कुणी लिहितं का?"

"माहीत असतं तर लिहिलं नसतं, साहेब," मॅडम म्हणाल्या.

मदत म्हणजे काय, तर पाणी आलं की नळाखाली घागर लावायची आणि भरायला किती मिनिटं लागली ते ग्रुपवर टाकायचं. पहिल्याच पाळीला गल्लीतल्या घराघरांतून आकडे आले. बायका घड्याळ घेऊन नळापाशी बसल्या होत्या. मी तक्ता केला. पिठाच्या गिरणीपाशी वेळ एकदम वाढत होता, म्हणजे अडथळा तिथेच. गिरणीपुढे खड्डा खणला. आत पाइप ठणठणीत! गिरणीवाले मुजावरचाचा दारात उभे राहून ओरडले, "अरे क्या मेरी गिरणी पाडते क्या तुम लोगां?"

संध्याकाळी नरसम्मांचा मेसेज आला. "अक्का, मुजावरचाचाची घागर पितळेची हाय, जुनी, लई मोठी. आमच्या सगळ्यांच्या प्लास्टिकच्या. त्यांना येळ लागणारच की!"

कार्यालयात हसावं की रडावं ते कळेना. एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की घागर म्हणजे काही माप नव्हे. मी मॅडमना म्हटलं, खड्डा गुपचूप बुजवून टाकू. त्यांनी त्या रिकाम्या खड्ड्याचा फोटो काढायला लावला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'खड्डा चुकीचा पडला. मोजणाऱ्यांची चूक नाही, विचारणारीची आहे. घागर केवढी, हे मी विचारलं नाही. मुजावरचाचांना त्रास झाला, क्षमस्व.'

मला वाटलं, आता लोक आमची पार सालटी काढणार. झालं उलटंच. मुजावरचाचांनीच लिहिलं, 'पंधरा लिटरचा तेलाचा डबा घ्या, तो सगळ्यांकडे एकसारखा असतो.' पुढच्या पाळीला अख्खी गल्ली नळाखाली तेलाचे डबे लावून बसली. या वेळी आकडे सरळ बोलले. गल्लीतल्या दगडी कट्ट्यापर्यंत पाणी ठीक होतं, कट्ट्यापुढे मात्र करंगळीएवढी धार, आणि शेवटच्या सहा घरांत तीही नाही.

पण आमच्या नकाशात कट्ट्यापाशी काहीच नव्हतं. मॅडमनी पुन्हा विचारलं, 'इथे पूर्वी काय होतं, कुणाला आठवतं का?' हा प्रश्न ग्रुपमधून कुणाच्या सुनेकडे, सुनेकडून तिच्या माहेरी, असा फिरत फिरत मोडनिंबला पोचला. तिथे आमच्याच विभागातले एक निवृत्त चावीवाले लेकीकडे राहत होते. पाणी सोडायच्या व्हॉल्व्हला आमच्याकडे चावी म्हणतात आणि ती फिरवणारा तो चावीवाला. म्हातारबाबांचा आवाज ग्रुपवर आला. "कट्ट्याच्या पोटात चावी हाय बघा. रस्ता उचलला तवा बुजली. तवापासनं अर्धीमुर्धीच उघडी आसंल. मला ठावं हुतं. पर कुणी इचारलंच न्हाय."

तो मेसेज मॅडमनी तीनदा ऐकला.

कट्टा फोडायला गल्लीतले जुने लोक आधी तयार नव्हते. रोजची बसायची जागा ती. दोन दिवस ग्रुपवर खडाजंगी झाली. शेवटी मुजावरचाचा म्हणाले, "बैठने को मेरी गिरणी के सामने आओ, मगर उस बाई को पानी दो." कट्टा फुटला. चावी निघाली, गंजलेली, पाऊण बंद. नवी बसवली. पुढच्या पाळीला दुपारी नरसम्मांच्या नळाला पाणी आलं. आधी नुसती हवा फुसफुसली, मग गढूळ, मग स्वच्छ. नरसम्मांनी पहिला तांब्या मॅडमच्या हातात दिला. मॅडमचे डोळे भरले होते. पदर डोक्यावरून घेत त्या म्हणाल्या, "काय ऊन आहे ओ!" असो.

तोवर बाकीच्या पाच घरांनीही तक्रारी नोंदवल्या होत्या. सहाही घरांना मेसेज गेला, 'तक्रार मिटली का?' पाच घरांनी 'हो' दाबलं. नरसम्मांनी 'नाही'.

फोन केला तर म्हणाल्या, "चार पाळ्या बघते." चार पाळ्या झाल्या. पुन्हा 'नाही'. साहेबांनी बैठकीत विचारलं, पाणी येतंय तरी तक्रार उघडी कशी? मी मॅडमना म्हटलं, बाईंना जरा समजावून सांगू का? मॅडम म्हणाल्या, "अजिबात नाही. एकदा आपण त्यांना फसवलंय. त्यांना वाटेल तेव्हा करतील." तक्रार मिटेना आणि मॅडमची निवृत्ती आली. निरोपाच्या दिवशी त्यांच्या भागाच्या तक्त्यात 'प्रलंबित: एक' असंच होतं. साहेबांनी भाषणात त्याचा उल्लेख टाळला, मॅडमनी स्वतः केला.

पुढे मी त्याच पोर्टलचं काम सांभाळू लागलो. हा लेख लिहायचा म्हणून परवा नरसम्मांकडे गेलो. त्या मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. कोपऱ्यात पाण्याची टाकी भरलेली. मी विचारलं, "पाणी येतं ना?"

"येतंय की. त्या दिवसापासनं एक पाळी चुकली न्हाय."

"मग दर वेळी 'नाही' का दाबता हो?"

त्यांनी हातातली विडी पुरी केली, दोरा तोडला. मग म्हणाल्या, "हो दाबलं की अक्कांचा फोन बंद होईल की. दर पाळीला फोन करत्यात. 'नरसम्मा, पाणी आलं का?' मग जेवलीस का, गुडघा कसा हाय, समदं इचारत्यात. माझा पोरगा भिवंडीत मागावर हाय, त्यो बी येवढं इचारत न्हाय."

मी चकित झालो. मॅडमना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. त्या अजून फोन करतात, हे त्यांनी आम्हा कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

मला वाटतं, बाई 'नाही' का दाबतात हे मॅडमना पहिल्यापासून ठाऊक असावं. विचारायची माझी छाती नाही.

नव्या साहेबांनी गेल्या महिन्यात त्या तक्रारीवर बोट ठेवलं. माझ्या संगणकावरून ती आजही एका बटणात बंद होऊ शकते. मी म्हटलं, "साहेब, तक्रारदार समाधानी नाहीत." नियमाप्रमाणे ते खरंच आहे.

मॅडम, साठीच्या शुभेच्छा. गुडघे ठणठणीत राहोत, आवाज खणखणीत राहो, फोनची रेंज कधी जाऊ नये. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, नरसम्मांनाही लाभो, आणि आमच्या तक्त्यातली ही एक तक्रार शंभर वर्षं प्रलंबित राहो.