तांबड्या शाईतल्या विधायक सूचना

हे लिहायला मी याआधी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा दार लावायला आणि एकदा — कशालाच नाही, नुसता उठलो. बायकोला सांगितलं नाही, भावाला सांगितलं नाही. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय असं समजा. ओळखीच्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही, हे मी कितीतरी वर्षं पाहतो आहे.

गोष्ट व्हिडिओ गेमच्या परीक्षणांची आहे. हसलात ना? हसा. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या मनात इतकी वर्षं डाचतंय काय, तर टीव्हीवरच्या खेळाबद्दल कुणीतरी लिहिलेला दीड पानाचा मजकूर! पण तसंच आहे.

आमचं घराणं बेंगळुरात किती पिढ्या आहे हे आमच्यातल्या कुणालाच नक्की सांगता येत नाही. घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि दोन्हींच्या मधे उंबरा असा कधी नव्हताच. आई ‘स्वल्प मीठ घाल’ म्हणायची, ‘बरं’ऐवजी ‘सरी’ म्हणायची, आणि ते मराठीच आहे अशी आमची सगळ्यांची समजूत होती. मग कॉलेजच्या दोन वर्षांसाठी मला पुण्याला काकांकडे पाठवलं. पहिल्याच आठवड्यात, कॉलेजच्या खाणावळीत, मी वाढप्याला म्हणालो, “स्वल्प भात.” समोरचा एकजण ओरडला, “अरे, आला बघा स्वल्पविराम!” दोन वर्षं माझं नाव तेच राहिलं. जिन्यात स्वल्पविराम, वर्गात स्वल्पविराम. परत आलो तो मनाशी ठरवूनच — आता माझ्या मराठीत एकही कन्नड शब्द येणार नाही.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. खाणावळीतली पोरं मला हसली, म्हणून मी पुढे जे केलं ते केलं — असं कुणी म्हणेल तर मीच त्याला गप्प करीन. हसणं तर मी सोसलंच होतं. मग ते कसं लागतं, हे मला ठाऊक नव्हतं का?

चामराजपेटेत आमचं एक मराठी मंडळ होतं, आणि त्याचं एक मासिक होतं. हातानं लिहायचं, झेरॉक्स काढायच्या, मधोमध टाचणी मारायची. पुण्यात राहून आलेला, शुद्ध बोलणारा, म्हणून मी संपादक. नव्वदच्या दशकात इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आलेली पुण्या-मुंबईची मुलं मंडळात येऊ लागली. त्यातलाच एक देशपांडे. तो म्हणाला, “काका, घरोघरी आता टीव्ही गेम आलेत, ऑफिसात कॉम्प्युटर आलेत. लोकांना परीक्षणं लिहू द्या की. आणि नुसती छापू नका. आम्ही कामावर एकमेकांना देतो तसा कन्स्ट्रक्टिव्ह फीडबॅक द्या.”

मी त्याचं मराठी केलं — विधायक सूचना. शब्द मला इतका आवडला की तांबड्या शाईचं नवं पेन घेतलं. आलेल्या प्रत्येक कागदावर वर डाव्या कोपऱ्यात ‘विधायक सूचना’ असं लिहायचं, खाली दोन रेघा ओढायच्या आणि मग सुरू करायचं. गेम मी स्वतः फारसे खेळलो नव्हतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळ, तेवढंच. त्यानं माझं काही अडलं नाही.

परीक्षणं लिहिणाऱ्यांत वनजक्का होती. माझ्याच ऑफिसात, नकाशे काढायच्या विभागात ती ट्रेसर होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण सगळे तिला अक्काच म्हणत, मीही. तिच्या नवऱ्याला, रामरावांना, अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेली होती. डाव्या हाताची बोटं हलती राहू देत, म्हणून तिनं टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम आणला. संध्याकाळी ऑफिसातून आली की दोघं पलंगावर शेजारी बसून खेळायची. रामरावांच्या डाव्या हातात दिशेची बटणं, आणि उडी मारायचं बटण अक्काच्या बोटाखाली. दोघं मिळून एक खेळाडू.

तिची परीक्षणं त्यातून आलेली. कुठल्या खेळात डाव्या हातानं भागतं, कुठल्यात नाही. कुठला खेळ मधेच थांबवून कॉफी करून येता येतं. ‘ह्या खेळातला राक्षस फार बेगा येतो, आमचे हे घाबरतात आणि मग मलाच ओरडतात’ — असं तिनं लिहिलं होतं. त्यावर मी काय लिहावं? ‘समीक्षेत घरगुती मजकूर नको. लेखिकेने स्वतःस बाजूला ठेवावे. बेगा हा शब्द मराठी नाही, लवकर असे लिहावे.’

पहिला कागद परत दिला तेव्हा ती हसली. “अय्यो अण्णा, कागदाला गोवर आलाय की काय?”

“सूचना आहेत अक्का. विधायक.”

“सरी, सरी. विधायक तर विधायक. परत लिहून आणते.”

आणि खरंच लिहून आणायची. मी सांगितलेलं सगळं काढून. माझ्या सूचनांनंतर तिची परीक्षणं सरकारी परिपत्रकासारखी व्हायची आणि मी ती छापायचो. लोक मूळ कागद मागून वाचत — मंडळाच्या टेबलावर पडलेला असायचा तो, तांबड्यासकट — आणि खोडलेल्या ओळींवरच हसत. खुशीचं हसू होतं ते. मला तेव्हा ते कळलं नाही असं म्हणू? कळलं होतं. तेच तर खुपत होतं.

एकदा तिनं वरून ठोकळे पडतात त्या खेळाबद्दल लिहिलं. शेवटी वाक्य होतं — ‘हा खेळ जिंकायचा नाही. दोघांनी सुम्मने बसून खेळायचा.’

सुम्मने. कन्नड येत नसेल तर कसं सांगू? काही हेतू नसताना, काही मागणं नसताना, गप्प, आपलं असंच. ‘उगीच’ म्हटलं तर त्यात टोमणा येतो. ‘सहज’ म्हटलं तर त्यातली शांतता जाते. माझी आई दुपारी पायरीवर बसलेली असायची, काय करतेस विचारलं की म्हणायची, सुम्मने. हा शब्द मराठीत नाही हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि त्याच्यावाचून आमच्या घरची मराठी पुरी होत नाही, हेही सांगायची नव्हती.

मी तो खोडला. वर लिहिलं, ‘निष्कारण’.

दोघांनी निष्कारण बसून खेळायचा. वाचून पाहा. तिनं कौतुक केलं होतं, मी त्याची निंदा केली. समासात वर आणखी लिहिलं — ‘असा शब्द सुशिक्षित मराठी घरात बोलत नाहीत.’

आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

त्याच सुमाराला देशपांडेच्या ओळखीच्या एका पुण्याच्या संपादकांनी, कॉम्प्युटरचं मासिक काढायचे ते, दिवाळी अंकासाठी हौशी लोकांची परीक्षणं मागवली. मी दोन पाठवायचं ठरवलं. बुद्धिबळाच्या गेमवरचं माझं, आणि वनजक्काचं हे ठोकळ्यांचं, माझ्या दुरुस्त्यांसह तिनं स्वच्छ लिहून दिलेलं. तिनं ते रामरावांना सांगितलं. त्यांना बोलायला त्रास व्हायचा, पण मी घरी गेलो तेव्हा डाव्या हातानं छापखान्याचं यंत्र चालवल्यासारखं करून मला विचारलं — कधी? अक्का म्हणाली, “रोज विचारतात हो. दोघांचं नाव घाल म्हणतात. मी म्हटलं, तुम्ही अर्धेच खेळता, तुमचं अर्धं नाव घालते.” रामराव तोंडाच्या एका बाजूनं हसले.

पोस्ट बंद व्हायच्या वेळेला पाकीट भरताना माझ्या हातून चूक झाली. एकाच शीर्षकाचे दोन कागद होते. स्वच्छ प्रत फायलीत राहिली आणि तांबड्या शाईचा मूळ कागद पुण्याला गेला.

उत्तर माझ्या पत्त्यावर आलं. माझा लेख साभार परत होता. सोबत छोटं पत्र — वनजाबाईंचा लेख आम्ही घेत आहोत, पण तांबड्या शाईखालचा, जसा त्यांनी लिहिला तसा. सुम्मनेचा अर्थ इथल्या एका कन्नड मित्राला विचारला, तो शब्द तसाच राहील. त्या दर महिन्याला आमच्यासाठी लिहितील का, हे कृपया त्यांना विचारून कळवा. आणि शेवटी, मला उद्देशून नसल्यासारखं — दुरुस्त्या करणाऱ्या गृहस्थांना हात आवरता घ्यायला सांगावे.

मी ते पत्र किती वेळा वाचलं? मोजलं नाही. कानात एकच ऐकू येत होतं, खाणावळीतलं. दोन वर्षं पुण्यात राहून, आईच्या तोंडचे शब्द टाकून मी जे कमावलं, ते पुण्यानंच परत पाठवलं होतं — आणि जे टाकलं, ते मागून घेतलं होतं.

इथपर्यंत मी स्वतःला नुसता मूर्ख म्हणू शकतो. पुढचं — पुढचं तसं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळ करून, शांत डोक्यानं मी पुण्याला उत्तर लिहिलं. ‘सौ. वनजाबाई पतीच्या गंभीर आजारामुळे यापुढे लेखन करू शकत नाहीत. पाठवलेला लेखही प्रसिद्ध होऊ नये अशी त्यांची इच्छा आहे.’ तिच्या वतीनं सही केली नाही, एवढंच. माझीच केली. संपादक म्हणून. ज्या माणसाच्या डाव्या हातासाठी तिनं हे सगळं मांडलं होतं, त्याचाच आजार मी पुढे केला. रागाच्या भरात घडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मी शुद्धलेखन तपासलं. ‘प्रसिद्ध’ नीट आलाय ना, ते पाहिलं.

वनजक्काला ऑफिसच्या व्हरांड्यात गाठून सांगितलं, “पुण्याहून नकार आला. भाषा पसंत पडली नाही म्हणाले.”

“सगळीच?”

“सगळीच.”

ती म्हणाली, “सरी, अण्णा. तुम्ही तर आधीपासून सांगतच होता. यांना काय सांगू, तेवढं बघते.”

त्यानंतर तिनं काही लिहिलं नाही. मी एकदा विचारलंसुद्धा — अक्का, पुढचं परीक्षण? विचारायला जीभ कशी रेटली माझी? ती कन्नडमध्ये म्हणाली, वेळ नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त कन्नडमध्ये बोलायला लागली. रागानं नाही हो. इतरांशी, माझ्या बायकोशीसुद्धा, तिचं पहिल्यासारखंच मराठी चाले. माझ्यापुढे मात्र ते चुकेल, ही भीती तिच्या मनात बसली होती. एकदा तिच्या तोंडून ‘जेवलात?’ एवढं मराठीत आलं आणि ती एकदम थांबली. मी तपासतोय का, हे माझ्या तोंडाकडे पाहून घेतलं, आणि तेच पुन्हा कन्नडमध्ये विचारलं. बायको म्हणायची, “ही वनजक्का तुमच्याशी अशी काय परक्यासारखी बोलते?” मी म्हणायचो, ऑफिसची सवय.

देशपांडे त्याच वर्षी अमेरिकेला गेला. पुण्याचं ते मासिक बंद पडलं. रामराव आणखी काही वर्षं होते. तेवढ्या काळात मी सांगू शकलो असतो. त्यांच्या घरासमोरून माझा रोजचा रस्ता होता. खिडकीतून टीव्हीचा उजेड दिसायचा. मी चालत राहायचो.

निवृत्तीनंतर ती देवनहळ्ळीला भाचीकडे राहायला गेली. तिकडे विमानतळ होऊन बरीच वर्षं झाल्यावर मी एकदा गेलो, सांगायचं म्हणूनच गेलो. बसमध्ये वाक्यं जुळवत होतो. तिनं मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, कॉफी आणायला सांगितली. कसं काय येणं केलं, असं कन्नडमध्ये विचारलं. मी म्हणालो, विमानतळाकडे काम होतं, म्हटलं डोकवावं. तेही कन्नडमध्येच म्हणालो. भाची म्हणाली, “अत्ते, मराठीत बोला की दोघं, मला ऐकायला आवडतं.” वनजक्का हसून म्हणाली, “नको गं. यांची मराठी फार शुद्ध असते, मला जमायची नाही.” भाचीशी बोलताना मराठी, आणि माझ्याकडे वळली की कन्नड. तासभर असंच. मग मी उठलो आणि बस पकडली.

गेल्या वर्षी भाचीचा फोन आला. तेराव्याला मी गेलो, जेवलो, परत आलो.

बसमध्ये जुळवलेली वाक्यं एवढीच होती. वनजक्का, पुण्यानं तुमचं लिखाण नाकारलं नव्हतं. त्यांनी ते मागितलं होतं, जसं होतं तसं, आणि दर महिन्याला. नकार मी दिला, तुमच्या नावानं, रामरावांच्या आजाराच्या नावानं. तुमच्या मराठीत काही चूक नव्हती. माझं चुकलं, अक्का.