ताईचं राहून गेलेलं मनोगत

ताई गेली त्याला महिना होत आला. लोक विचारतात, सावरलात का? मी सावरलेलो नाही, मी चिडलेलो आहे, आणि चिडलेल्या माणसाला रडू लवकर येत नाही. बातमी आली तीसुद्धा चीड आणणारीच. ताईचा मुलगा मुकुंदा, त्याचा फोन येण्याआधी नातेवाइकांच्या ग्रुपवर ताईचा शाल पांघरलेला फोटो आला. खाली लिहिलेलं, ‘त्यागमूर्ती सुमनताई अनंतात विलीन’. चहाचा कप खाली ठेवला आणि मनात पहिलं आलं ते हेच, की अरे, गेल्यावरही हिला तोच शब्द चिकटवला!

हा शब्द तिच्यामागे कसा लागला ते सांगतो. आमचं घर काटोलकडचं, संत्र्याच्या बागांचं. मी शाळेत असताना वडील अर्धांगवायूने खाटेला खिळले आणि नुकतीच मॅट्रिक झालेल्या ताईने बागा हातात घेतल्या. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच व्यापारी अख्ख्या बागेचा सौदा करतात. ताई त्यांच्याबरोबर ओळीओळीतून फिरायची, मान वर करून फांद्या न्याहाळायची आणि भाव सांगायची. व्यापारी आधी हसायचे, मग हसायचे थांबायचे. मंडीच्या दिवशी पदर खोचून ती सकाळची एसटी पकडायची, आणि संध्याकाळी परत आली की आईला लिलावाच्या नकला करून दाखवायची. पुढे मी शिकलो, बँकेत लागलो. तिचं लग्न लांबलं होतं, ते झालं. भाऊजींसारखा सरकारी नोकरीतला जावई मिळाला म्हणून सगळे खूश, आणि ताई नागपूरला प्रताप नगरात संसाराला लागली. बागेचं नाव तिच्यासमोर पुन्हा कुणी काढलं नाही. नातेवाइकांनी मात्र परस्पर ठरवून टाकलं, सुमनने भावासाठी तारुण्य वेचलं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी तिच्या हृदयाबद्दल स्पष्टच सांगितलं. ती घाबरली नाही. मला फोन केला. “वसंता, मले साऱ्याईले एकदा घरी बोलवाचं आहे. जाच्या आधी दोन गोष्टी बोलाच्या आहेत. निरोप घेऊन जाईन गा, गुपचूप नाही जाणार.” मला ते पटलं. मुकुंदाने मात्र ऐकूनच घेतलं नाही. “आई, असं अभद्र काहून बोलून राहिली? काही होत नाही तुले. आपण तुझी पंचाहत्तरी करू, एकदम जोरदार!”

आणि आमच्या लोकांच्या डोक्यात एकदा सत्कार शिरला की मग देवही आवरू शकत नाही... धरमपेठेत हॉल, दारात फ्लेक्स, औक्षण, शाल-श्रीफळ, आणि निवेदक म्हणून मुकुंदाचा एक मित्र, ज्याच्या हातून माईक सुटत नव्हता. विहीणबाई बोलल्या, शेजारी बोलले, ताईला जेमतेम ओळखणारे एक माजी नगरसेवकही बोलले. सगळ्यांच्या तोंडी त्याग. ‘ज्यांच्यासाठी ताईंनी हे सारं केलं ते बंधू’ म्हणून मला उभं करून टाळ्या वाजवल्या. सत्कारमूर्तीचं मनोगत सगळ्यात शेवटी, हा आपला रिवाज. त्यामुळे जिला बोलायचं होतं तीच तेवढी गळ्यातला हार सांभाळत गप्प बसलेली. अखेर माईक तिच्या हातात आला. “मी काटोलले असताना...” एवढं म्हणून ती दम घ्यायला थांबली. दम लागतच होता तिला. निवेदकाने चटकन माईक काढून घेतला. “ताईंना गहिवरून आलंय, मित्रहो! इथं शब्दांची गरजच काय?” टाळ्यांचा कडकडाट. मागून कुणीतरी ओरडलं, जेवण थंड होऊन राहिलं. झालं मनोगत.

संध्याकाळी ताईच्या घरी आल्यावर मी म्हटलं, “आता सांग ना ताई. मी ऐकून राहिलो.”

बांगड्यांशी चाळा करत ती म्हणाली, “हे सारे त्याग त्याग करून राहिले. अरे, त्याग कायचा? मजा केली मी तवा! भाव मी सांगो अन् मिशीवाले चूप बसत. माझ्या जिंदगीतले तेच दिवस माझे होते. त्याग झाला तो लग्नानंतर, या घरात बसून. त्याचं नाव कोणी घेतलं काय?” भाऊजींना सांग म्हटलं, तर हसली. “एकट्या माणसाले सांगितलं का भांडण होते. साऱ्याईत हासत हासत सांगितलं असतं, त्याईनंही हासून घेतलं असतं. राग घेऊन जाचं नव्हतं गा मले.” मी म्हणालो, पुढच्या रविवारी पुन्हा सगळ्यांना बोलावू, घरीच, माईकशिवाय. तो रविवार उजाडायच्या आत ती गेली.

तेरवीला तोच निवेदक, तेच भाषण. मला राहवलं नाही. उठलो आणि ताईचं म्हणणं तिच्याच शब्दांत सांगून टाकलं. फक्त तिच्यासारखं हसत सांगणं मला जमलं नाही, आवाज चढला. मुकुंदा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी त्याच्या आईचा अपमान केला म्हणे!

भाऊजींनी मात्र परवा बोलावून घेतलं. गॅलरीत बसलो होतो. खाली संत्र्यांची हातगाडी आली आणि गाडीवाला फाटकापाशी थांबून वर पाहू लागला. भाऊजी म्हणाले, “रोज थांबते तो. सुमन खाली जाये, एक फळ हातावर तोले, अन् मंग बोलतच राहे त्याच्यासंग. कोणत्या गावचं, कोणत्या बहराचं, झाडाले पाणी कवा कमी पडलं... घंटा घंटाभर. अन् घरी आणे दोनच फळं. मी इथून पाहत राहो. तशी हासताना ती घरात कधी नाही दिसली, वसंतराव. मले काय समजत नव्हतं काय जी?”

माझं डोकंच सणकलं. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं! “मंग तिले कधी इचारलं काहून नाही तुमी?”

गाडीवाला वाट पाहून पुढे निघाला, वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा भाऊजी बोलले.

“इचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं ना.”