शोकेसमधली उभी बाटली

चांगदेवने भिवंडी रोडवरच्या दारूच्या गोदामात एकतीस वर्षं पेट्या वाहिल्या. एका खेपेला दोन. एवढ्या वर्षांत बाटल्या फुटल्या तीन, आणि कोणती कोणत्या पायरीवर, हे त्याला अजून पाठ आहे. तिथला नियम पहिल्याच दिवशी शिकवत. बुचाची बाटली आडवी. उभी ठेवली की बूच सुकतं, हवा शिरते, वाईन आंबते.

मुलगा प्रशांत ठाण्यात बाराव्या मजल्यावर राहतो. बाबा लॉजिस्टिक्समध्ये होते, असं तो लोकांना सांगतो. हॉलच्या शोकेसमध्ये, खास दिव्याखाली, फ्रान्सची वाईन. सहा वर्षं उभी. लेबल दिसायला हवं ना! सून प्रियांका ती रोज पुसते. प्यायचा विचार कुणाच्या मनातही आला नव्हता.

विठ्ठलवाडीची खोली सोडून मुलाकडे राहायला आला त्याच दिवशी चांगदेव म्हणाला, "आडवी ठेव रे ती."

"बाबा, हे गोदाम नाही."

चांगदेव स्वतः दर शनिवारी एक पेला घेई. नाशिकची लाल वाईन, फिरकीचं झाकण, स्टीलचा पेला, भाजलेला बोंबील. बाल्कनीत. सोफ्याला वास लागतो म्हणे.

एका शनिवारी प्रशांतचे साहेब जेवायला यायचे होते.

"बाबा, आज आतल्या खोलीतच बसा. आणि गोदामाचं काही काढू नका हं."

ज्या पाठीवर प्रशांतचं इंजिनिअरिंग झालं, ती पाठ सोफ्याला टेकलेली चालणार नव्हती. चांगदेव आत जाऊन बसला.

साहेबांसमोर प्रशांतने बाटलीत ओपनर खुपसला. अर्ध्या बुचाचा भुगा झाला. प्रशांतला घाम फुटला. शेवटी प्रियांका दारात आली. "बाबा, जरा बाहेर येता?"

चांगदेवने बाटली गुडघ्यांत धरली, ओपनर तिरका घातला आणि उरलेलं बूच सावकाश अख्खं काढलं. एकदा हुंगलं.

"आंबली. पिऊ नका."

"बाबांना यातलं कळत नाही, सर," म्हणत प्रशांतने ओतलीच.

साहेबांनी ग्लास फिरवला, घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. "वा! काहीतरी वेगळंच आहे."

"वेगळंच, सर," प्रशांत कसाबसा गिळत म्हणाला.

"फ्रान्सची आहे," प्रियांकाने खुलासा केला.

तिघं काढा घ्यावा तसे पीत राहिले. पुढच्या एका घोटाला साहेब अडखळले. "काका, नुसत्या वासावरून कसं ओळखलंत?"

प्रशांत फरशी बघू लागला. चांगदेवने त्याच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"दारूच्या गोदामात हमाल होतो. एकतीस वर्षं."

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. "मग तुम्ही कोणती घेता?"

थोड्या वेळाने टीपॉयवर बोंबलाची ताटली होती आणि सोफ्यावर, साहेबांच्या शेजारी, चांगदेव. पेले स्टीलचे. कुणी फिरवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रशांतने फ्रान्सची बाटली रिकामी करून, धुऊन परत दिव्याखाली ठेवली. उभी. चांगदेवने सोफ्यावरून पाहिलं, पण टोकलं नाही. रिकामी उभी ठेवली तरी चालते.