सिद्धराम मिस्तरीनं पास केलेली गाडी

पौषातली सकाळ. मुरुडच्या शिवारावर धुई अशी बसली होती की रस्त्यापलीकडचा लिंबसुद्धा दिसत नव्हता. सिद्धराम मिस्तरी शिरूर अनंतपाळच्या एका माणसाची जुनी डिझेल जीप चालू करायच्या खटपटीत होता. थंडीनं इंजिन गारठलं की त्याचा एकच इलाज. चिंधीचा बोळा डिझेलात भिजवायचा, पेटवायचा आणि हवा ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी धरायचा. जीप दोनदा खोकली आणि तिसऱ्यांदा काळा धूर सोडून सुरू झाली.

"म्हातारी हाय, पन दगा देनार न्हाई," तो जीपवाल्याला म्हणाला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. भाचा मल्लेश होता.

"मामा, गाडी बंद पडली. लातूरच्या रस्त्याला, गाव सोडून दहा-बारा किलोमीटरवर. मी उतरून बॉनेट बघत होतो, तवर समदे दरवाजे आपोआप लॉक झाले. आई मागं आत हाय, आतून बी उघडंना तिला."

"चावी?"

"आतच. दगड मारला, काच फुटंना. आईला दम लागलाय मामा."

सिद्धरामनं जळता बोळा पायाखाली विझवला, चाकाचा पाना कमरेला खोचला आणि मोटारसायकलीला किक मारली.

आत अडकलेली महादेवी म्हणजे त्याची थोरली बहीण, मल्लेशची आई. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. सोमवारी आणि गुरुवारी लातूरला जाऊन चार तास मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, तेव्हा पुढचे तीन दिवस श्वास चालायचा. त्या फेऱ्यांसाठीच ही पांढरी गाडी घेतली होती. ती पास केली होती सिद्धरामनं.

गावात ही रीतच पडली होती. जुनी गाडी बघायला कुणी लातूरला जावो का नांदेडला, सोबत सिद्धराम पाहिजे. सव्वीस वर्षं झाली या गोष्टीला. तो आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर तिथूनच माघारी, कारण दुखणं झाकायला कुणीतरी इंजिन आधीच तापवून ठेवलेलं असतं. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला. घेणारा, विकणारा, दोघंही गप. त्यानं "हाव" म्हटलं की विसार द्यायचा. या कामाचे तो पैसे घेत नसे. चहा आणि गाडीपुढं फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी, बस.

मल्लेशचं भांड्यांचं दुकान बरं चालायचं. त्याला नवीनच गाडी घ्यायची होती.

"मामा, आईचं काम हाय. मधीच बंद पडून चालत न्हाई. नवीला वारंटी तरी ऱ्हाती."

"वारंटीला चाकं आसत्यात का? नवी गाडी म्हंजे न नांदलेली पोरगी. कशी निघंल देवाला ठाऊक. चार वरसं नांदलेल्या गाडीची खोड समदी भाईर आलेली आसती. वळखनारा पायजे फकस्त."

"म्हंजे तुम्ही."

"मग दुसरा कोन हाय रं तुला?"

महादेवी बाजेवरून हसली होती. "मल्ल्या, माझ्या भावानं बघितलेली आन. नवीच्या वासानं मला मळमळतंय." मल्लेशचं बोलणं तिथंच संपलं.

दिवाळी झाल्यावर मामा-भाचे नांदेडला गेले. बायपासला जुन्या गाड्या विकणारा गुरुबसप्पा देगलूरकडचा. गळ्यात लिंग, कपाळावर तीन पट्टे. "बर्री, कुंद्री," म्हणजे या, बसा, असं कानडीत म्हणत त्यानं चहा सांगितला. आपल्यातलाच माणूस म्हणून सिद्धरामचं मन तिथंच थोडं सैल झालं. बॉनेट गार होतं. इंजिनचा आवाज गिरणीच्या पट्ट्यासारखा सलग. आत धुपाचा वास. सिद्धरामनं मागच्या सीटची गादी उचलली. पत्रा कुठं सडलाय, हे तिथला गालिचा वर केल्याशिवाय कळत नाही. पण गालिच्यावर पांढऱ्या फडक्यात विभूतीचा गोळा ठेवलेला, वर बेलाची पानं. तो चपला काढून मागं सरला. मग गोळ्यावर तीन बोटं फिरवली, कपाळाला लावली, आणि गादी होती तशी बसवली. देवाची वस्तू हलवून खाली काय बघायचं?

"हाव," तो म्हणाला.

पहिले पंधरा दिवस गाडी पाण्यासारखी चालली. मग दिवे आपोआप लागायला लागले. वायपर भर उन्हात फिरायचा. सिद्धरामनं बॅटरीची टोकं घासली, उंदरांना शिव्या दिल्या, दोन वायरी बदलल्या.

धुईतून ती गाडी दिसली तेव्हा मल्लेश दोन्ही हात काचेला लावून उभा होता. आत महादेवी मागच्या सीटवर कलंडली होती. तोंड उघडं, डोळे काचेवर. सिद्धरामनं पुढच्या दाराच्या काचेच्या कोपऱ्यावर पान्याचं टोक हाणलं. दुसऱ्या घावाला काच भुगा होऊन आत सांडली. त्यानं हात घालून दार उघडलं.

"सिद्ध्या, हात कापला का रं?" महादेवी म्हणाली. तेवढ्या बोलण्यानंही तिला धाप लागली.

भाजीच्या पिकअपमधून तिला लातूरला नेलं. पोचेपर्यंत तिच्या पाळीच्या मशीनवर दुसरा पेशंट घेतला होता. संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. तोवर फुफ्फुसात पाणी भरलं. चार दिवस ती आयसीयूत होती.

त्या चार दिवसांत सिद्धरामनं गाडी ओढून आपल्या दुकानात आणली आणि गादी काढली. गोळा बाजूला घेतला, गालिचा सोलला. खाली बोटभर गाळ. वाळलेलं गवत, गोगलगायीचा एक शंख. वायरींची जोडणी हिरवी पडून कुजलेली. गेल्या भादव्यातल्या पुरात ही गाडी गळ्यापर्यंत बुडाली होती. इंजिन कुणीतरी धुऊन कोरडं केलं होतं, बाकीचं तसंच.

तो खाली बसला. कोरड्या गोळ्यावर बोट घासलं की धूळ लागते. त्या दिवशी नांदेडला बोटांना ओली विभूती लागली होती. आपण लावताना बोट भिजवतो, तसा कुणी सकाळीच पूजा करून भिजवला असेल, असं त्याला वाटलं होतं. गाडी पाणी दाखवत होती आणि ते त्यानं कपाळाला लावून घेतलं.

गुरुबसप्पाला फोन केला तर तो म्हणाला, "अन्ना, मी बी दुसऱ्याकडूनच घेतली. गोळा आतच होता. देवाचं हाय म्हून मी बी हालवला न्हाई." खरं का खोटं, कळायला मार्ग नव्हता. आणि सिद्धरामनं तरी दुसरं काय केलं होतं?

गावात कुणी तोंडावर बोललं नाही. सुदर्शन पाटील त्याला हिमायतनगरला गाडी बघायला नेणार होता. तो एकटाच जाऊन आला. "थंडीचं तुमाला कशाला तरास मिस्तरी," म्हणाला.

महादेवी घरी आली त्याच आठवड्यात मल्लेशनं नवी गाडी आणली. मामाला विचारलं नाही, पूजेला मात्र बोलावलं. सोमवारी सकाळी गाडी दारात तयार उभी, गळ्यात झेंडूचा हार. महादेवी बाजेवरून उठेना.

"आई, नवी हाय. बंद पडत न्हाई."

"ती बी इकताना पडत न्हवती." तिनं भावाकडं बघितलं. "सिद्ध्यानं बघितली का?"

मल्लेशचा चेहरा आवळला. तरी तो म्हणाला, "बघा जरा मामा. तुमचंच ऐकती ती."

सिद्धराम बाहेर आला. बॉनेट उघडलं तर वर सगळं काळं झाकण. पेचकस लावायला कुठं जागा नाही. मल्लेशनं बटण दाबलं.

"लाव की चालू."

"चालूच हाय मामा."

त्यानं झाकणावर हात ठेवला. थरथरसुद्धा कळेना. बऱ्याच वेळानं तो आत आला.

"काय म्हंतोस?" महादेवीनं विचारलं.

"चांगलीच आसंल, अक्का."

"आसंल का हाय?"

सव्वीस वर्षं 'हाव' हा शब्द त्याच्या ओठावर आपोआप यायचा.

"मला कळत न्हाई अक्का आता."

"मग ऱ्हाऊ दे." ती पुन्हा आडवी झाली. "त्या काचंत कोंडून मरन्यापरीस हितंच बरं. हितं दार उघडं हाय." मग भावाला म्हणाली, "च्या पिऊन जा."

मल्लेश त्याच्यामागं ओट्यापर्यंत आला. "खोटं बोलला आसता मामा एक डाव, तर काय गेलं आसतं तुमचं?"

सिद्धरामनं चपला पायात घातल्या.

त्या सोमवारी महादेवी गेली नाही. गुरुवारीही नाही. गुरुवारी दुपारी दीपमालानं, मल्लेशच्या बायकोनं, निरोप धाडला की अक्कांचे पाय सुजलेत, लवकर या. सिद्धराम तिच्या बाजेपाशी जाऊन बसला. तिच्या पायाची बोटं दाबत राहिला. मल्लेश डॉक्टरला घरी आणायला गेला होता. डॉक्टर आला आणि आता नेऊनही उपयोग नाही म्हणत मान हलवून गेला, तेव्हा सिद्धराम उठला.

दुकानापुढं कुणीतरी उसाची ट्रॉली सोडून गेलं होतं. चाक घरघरत असल्याची तक्रार होती. सिद्धरामनं जॅक लावला, चाक उतरवलं, बेरिंग काढून रॉकेलच्या डब्यात टाकली आणि ब्रशनं एकेक गोळी घासायला बसला.